काळजीचा स्वभाव आणि गर्भावस्थेतील चाचण्यांचा निर्णय

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ३६, पहिलेच गरोदरपण, अकरावा आठवडा. डॉक्टरांनी एनटी स्कॅनसह डबल मार्कर किंवा एनआयपीटी असे पर्याय सांगितले आहेत. मी मुळातच काळजी करणारी आहे. जेवढे कळू शकेल तेवढे सगळे कळावे, त्यासाठी गर्भजल तपासणीही करून टाकावी, असे मला वाटते. पती म्हणतात, जे व्हायचे ते होईल, कशाला खोलात शिरायचे. माझ्या बहिणीचे म्हणणे असे की मी चाचण्या गरजेपोटी नव्हे, स्वभावापोटी मागते आहे. माझा निर्णय स्वभावातून येतो आहे की विचारातून, हे कसे ओळखावे?"

बहिणीचा आक्षेप अर्धा बरोबर आहे. तुमच्या निर्णयात स्वभावाचा वाटा आहेच. पण तो पतींच्या "खोलात शिरायला नको" या म्हणण्यातही तितकाच आहे, आणि बहिणीच्या मतातही असणार. जनुकीय समुपदेशन हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे आणि स्वभाव पूर्णपणे बाजूला ठेवून निर्णय घेणारे जोडपे मी अजून पाहिलेले नाही. म्हणून "स्वभाव की विचार" असा सामना लावण्यापेक्षा स्वतःला वेगळा प्रश्न विचारणे उपयोगाचे ठरते: माझ्या स्वभावामुळे या निर्णयाचा कोणता भाग मला आहे त्यापेक्षा मोठा दिसतो आणि कोणत्या भागाकडे माझे लक्षच जात नाही? काळजी करणाऱ्या माणसाचे सगळे लक्ष चाचणीच्या अलीकडे असते, म्हणजे आत्ताची अस्वस्थता कधी संपेल याकडे. अहवाल हाती आल्यावर मी काय करणार, या पलीकडच्या बाजूकडे ते बहुधा वळत नाही. खरा निर्णय मात्र त्या पलीकडच्या बाजूलाच घ्यावा लागतो.

आधी चाचण्यांविषयी, कारण आकड्यांशिवाय स्वभावाची चर्चा हवेत राहते. तुम्हाला सुचवलेले दोन्ही पर्याय चाळणीचे आहेत, निदानाचे नाहीत; म्हणजे ते दोषाची शक्यता किती हे सांगतात, दोष आहेच की नाही हे ठरवत नाहीत. एनटी स्कॅनमध्ये ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळात गर्भाच्या मानेमागील द्रवाच्या थराची जाडी मोजतात. ती जाडी, आईच्या रक्तातील पॅप-ए व फ्री बीटा एचसीजी या दोन घटकांची पातळी (हीच डबल मार्कर चाचणी) आणि आईचे वय एकत्र धरून धोक्याचे प्रमाण काढले जाते. या एकत्रित चाळणीत डाउन सिंड्रोम (२१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असणे) असलेल्या १०० गर्भांपैकी साधारण ८५ ते ९० ओळखले जातात, आणि त्यासाठी डाउन सिंड्रोम नसलेल्या सुमारे ५ टक्के गर्भांवरही "हाय रिस्क" असा शिक्का बसतो. एनआयपीटी ही चाचणी वारेतून आईच्या रक्तात उतरलेल्या डीएनएच्या तुकड्यांवर केली जाते. आईच्या रक्तात असा डीएनए सापडतो हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले आणि २०११ पासून ही चाचणी प्रत्यक्ष वापरात आली. दहाव्या आठवड्यापासून ती करता येते. डाउन सिंड्रोम असलेले १०० पैकी सुमारे ९९ गर्भ ती ओळखते आणि चुकीचा इशारा हजारात एखाद्या वेळीच देते. निदान करायचे असेल तर दोनच मार्ग आहेत: साधारण अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म अंश काढून केलेली सीव्हीएस, किंवा पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावर गर्भाभोवतीचे पाणी सुईने काढून केलेली गर्भजल तपासणी.

त्या "१०० पैकी ९९" या आकड्याकडे जरा जवळून पाहू, कारण काळजी करणारी आणि निर्धास्त, अशी दोन्ही प्रकारची माणसे इथेच फसतात. तुमच्या वयाला गरोदरपणाच्या या टप्प्यावर डाउन सिंड्रोमचे प्रमाण साधारण २०० गर्भांत १ असे धरतात. तुमच्यासारख्या १ लाख स्त्रियांनी एनआयपीटी केली असे समजा. त्यांतील ५०० जणींच्या गर्भाला डाउन सिंड्रोम असेल आणि चाचणी त्यांपैकी ४९५ गर्भ ओळखेल. उरलेल्या ९९,५०० जणींपैकी हजारी एक या हिशेबाने सुमारे १०० जणींना चुकून "हाय रिस्क" अहवाल मिळेल. म्हणजे "हाय रिस्क" आलेल्या ५९५ अहवालांपैकी जवळपास १००, सहांतील एक, चुकीचे असतील. हेच गणित पंचविशीतल्या स्त्रीसाठी मांडले, जिथे प्रमाण हजारात १ च्या आसपास असते, तर जवळजवळ निम्मे "हाय रिस्क" अहवाल चुकीचे निघतात. उलट बाजूने पाहिले तर तुमचा अहवाल "लो रिस्क" आल्यावर डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता सुमारे २० हजारांत १ इतकी खाली जाते. म्हणूनच "लो रिस्क" एनआयपीटी पुष्कळ धीर देते, पण "हाय रिस्क" एनआयपीटीवर कोणताही न परतणारा निर्णय घ्यायचा नसतो. आधी निदान चाचणीने खात्री करून घ्यावी लागते.

आता स्वभावाकडे येते. "२०० पैकी १" हा आकडा मी जोडप्यांसमोर ठेवते आणि दोघांनाही तो स्वतःच्या शब्दांत सांगायला लावते. एक जण म्हणतो, "म्हणजे जवळजवळ काहीच नाही", दुसरी म्हणते, "म्हणजे कुणाला तरी होतेच ना, मग ती मी का नसेन?" आकडा दोघांनी बरोबरच ऐकलेला असतो. एकाला १९९ दिसतात, दुसरीला तो एक दिसतो. एकच प्रमाण "वाचण्याच्या" भाषेत मांडले की "दगावण्याच्या", यावरून लोकांची निवड उलटते हे मानसशास्त्रज्ञ टव्हर्स्की आणि काहनेमान यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले होते. आपल्यापैकी प्रत्येक जण अशी मांडणी मनातल्या मनात आपोआप करत असतो आणि ती कोणत्या बाजूला झुकेल हे बऱ्याच अंशी स्वभावावर अवलंबून असते. म्हणून माझी पहिली सूचना अगदी साधी आहे. अहवालातला किंवा डॉक्टरांनी सांगितलेला प्रत्येक आकडा दोन्ही बाजूंनी कागदावर लिहा: "२०० पैकी १ ला आहे" आणि त्याखाली "२०० पैकी १९९ ना नाही". एका बाजूने लिहिलेला आकडा वाचून होकार येत असेल आणि दुसऱ्या बाजूने वाचून नकार, तर तुमचा निर्णय अजून झालेला नाही.

व्यक्तिमत्त्वाची जी मापे प्रसिद्ध आहेत, त्यांतली बरीचशी या कामी मला फारशी उपयोगी वाटत नाहीत. इंटरनेटवरची प्रश्नावली भरून "मी अमुक प्रकारची व्यक्ती आहे" असे ठरवून आलेल्या स्त्रिया मला भेटतात. त्यावरून चाचणी करावी की नाही, हे काही निघत नाही. मानसशास्त्रज्ञ सुझान मिलर यांनी केलेला एक भेद मात्र या विषयाला नेमका लागू पडतो. संकट समोर दिसताच काही माणसे त्याविषयीची माहिती शोधत सुटतात, तर काही तिकडून लक्ष काढून घेतात. १९८७ च्या त्यांच्या प्रश्नावलीत दंतवैद्याच्या खुर्चीत बसणे, विमानात अचानक गडबड जाणवणे अशा चार प्रसंगांची कल्पना करायला सांगून, त्या वेळी तुम्ही काय कराल, असे विचारलेले आहे: विमानातील सूचना पुन्हा वाचाल, इंजिनाचा आवाज ऐकत राहाल, की समोर चाललेला चित्रपट शेवटपर्यंत बघाल? तुम्ही पहिल्या गटातल्या दिसता, पती दुसऱ्या. मिलर आणि त्यांच्या सहकारी मँगन यांनी १९८३ मध्ये गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले होते की माहितीचे प्रमाण स्वभावाशी जुळले तर ताण कमी राहतो. माहिती शोधणाऱ्यांना भरपूर आणि टाळणाऱ्यांना मोजकी माहिती मानवते. याचा व्यवहारातला अर्थ असा की "खोलात शिरायला नको" म्हणणाऱ्या पतींना बाळाची पर्वा नाही, हा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. माहिती टाळणे ही त्यांची भीती सांभाळण्याची रीत असू शकते, जशी माहिती गोळा करणे ही तुमची आहे. पती-पत्नींमध्ये चाचणीवरून झालेली पुष्कळशी भांडणे प्रत्यक्षात चाचणीविषयी नसतात. दोघे घाबरलेले असतात आणि एकाला दुसऱ्याची घाबरण्याची पद्धत सहन होत नाही.

तुमच्या बाजूचा धोका कोणता, हे आता सांगते. माहिती शोधणाऱ्या स्वभावात एक गृहीतक दडलेले असते: जास्त माहिती म्हणजे कमी चिंता. हे काही वेळा खरे असते. चाळणीचा अहवाल चांगला आला की त्या वेळची चिंता उतरते, हे अनेक अभ्यासांतही दिसते. पण चिंतेचे दोन थर असतात, त्या प्रसंगापुरती चिंता आणि मुळातला चिंतेचा स्वभाव. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पीलबर्गर यांच्या प्रश्नावलीत ते दोन्ही वेगवेगळे मोजले जातात. अहवालाने वरचा थर उतरतो, खालचा तसाच राहतो आणि थोड्याच दिवसांत त्याला नवे कारण सापडते. एनआयपीटी चांगली आली, मग ॲनोमली स्कॅनची, म्हणजे गर्भाची रचना तपासणाऱ्या सोनोग्राफीची, धास्ती सुरू होते. स्कॅन चांगला झाला, मग बाळाच्या हालचाली मोजल्या जातात. जन्मणाऱ्या १०० बाळांपैकी साधारण ३ बाळांमध्ये काही ना काही मोठे जन्मजात व्यंग असते आणि त्यांतले बरेचसे गुणसूत्रांच्या कोणत्याही चाळणीत दिसत नाही. त्यामुळे "सगळे ठीक आहे" असे लिहून देणारी चाचणी अस्तित्वातच नाही. अनिश्चितता मुळीच सहन न होणे हे तुमचे दुखणे असेल, तर चाचण्यांची यादी वाढवून ते बरे होणार नाही. एक विशिष्ट गोष्ट कळावी म्हणून केलेली चाचणी आणि चैन पडावी म्हणून केलेली चाचणी, या दोहोंसाठी सुई तीच टोचते. पहिलीचे उत्तर अहवालात मिळते, दुसरीचे मिळत नाही.

"जेवढे कळेल तेवढे सगळे" या इच्छेला आणखी एक काटा आहे. तो एका उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एका जोडप्याने डाउन सिंड्रोमची शंका दूर करण्यासाठी गर्भजल तपासणी केली आणि "आता सुई टोचतोच आहोत तर सर्वांत मोठी तपासणी करा" म्हणून मायक्रोॲरेही मागून घेतली. तिच्यात गुणसूत्रांचे फार लहान तुकडे कमी-जास्त झालेले दिसतात. डाउन सिंड्रोम नव्हता. पण पंधराव्या गुणसूत्रावरचा, १५क्यू११.२ या ठिकाणचा एक छोटा तुकडा गायब होता. हा तुकडा नसलेल्या काही व्यक्तींमध्ये बोलणे उशिरा येणे, शिकण्यात किंवा वागण्यात अडचणी असे प्रकार आढळतात; पुष्कळांमध्ये काहीच आढळत नाही आणि तो बहुतेक वेळा एखाद्या ठणठणीत पालकाकडूनच आलेला असतो. आईवडिलांची रक्ततपासणी केली तेव्हा तो वडिलांमध्ये सापडला. वडील उच्चशिक्षित, नोकरी-व्यवसायात स्थिर, तब्येतीने उत्तम. तांत्रिक दृष्टीने हा दिलासा होता. पण पुढचे काही महिने ती स्त्री नवऱ्याचे विसरणे, त्याचे अबोल असणे, त्याने शाळेतल्या सांगितलेल्या गमती, सगळे त्या हरवलेल्या तुकड्याशी जोडून बघत राहिली. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले होते. न विचारलेल्या प्रश्नाचे अर्धवट उत्तर सोबत आले. स्कॅनमध्ये गर्भाच्या रचनेत दोष दिसलेला असेल तेव्हा मायक्रोॲरे फार मोलाची असते आणि अशा वेळी मी तिचा आग्रहच धरते. कोणतेही कारण समोर नसताना ती करणे चूक आहे, असेही माझे म्हणणे नाही. मात्र अर्धवट उत्तरासोबत राहणे आपल्याला जमते का, हे काळजी करणाऱ्या माणसाने आधी स्वतःला विचारलेले बरे. एनआयपीटीच्या वाढीव पॅनेलविषयी माझे मत जरा अधिक स्पष्ट आहे: २१, १८ आणि १३ या क्रमांकांच्या तीन गुणसूत्रांपलीकडे, दुर्मीळ सूक्ष्म तुकड्यांसाठी ती चाळणी वापरली की चुकीच्या इशाऱ्यांचे प्रमाण खूप वाढते, कारण आजार जितका दुर्मीळ तितके "हाय रिस्क" अहवालातले खरे अहवाल कमी. वरचे १ लाख स्त्रियांचे गणित २०० मध्ये १ ऐवजी दहा हजारांत १ असे धरून करून पाहा, लगेच लक्षात येईल.

काळजीच्या स्वभावाविषयी सगळेच बोलतात. मला त्याहून अधिक चिंता वाटते ती मनमिळाऊ आणि कर्तव्यदक्ष स्त्रियांची, आणि तुमच्या पत्रावरून तुम्ही थोड्याफार त्यांतल्याही असाव्यात असे वाटते. मनमिळाऊ स्त्रीला डॉक्टरांना नाही म्हणता येत नाही. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड यांच्या रांगेतच चाळणीचे रक्त घेतले जाते, कागदावर खूण केलेली असते, मागे पुढची रुग्ण थांबलेली असते, आणि "करून टाकू या" या तीन शब्दांत विषय संपतो. कर्तव्यदक्ष स्त्रीच्या मनात प्रत्येक चाचणी ही चांगल्या आईची परीक्षा होऊन बसते. न केली तर आपण काहीतरी टाळले असे तिला वाटते. या दोघीही क्वचितच कुरकुर करतात, त्यामुळे त्यांचा निर्णय झालाच नव्हता, हे अहवाल बिघडल्यावरच कळते. मानसशास्त्रज्ञ थेरेसा मार्टो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये गर्भावस्थेतील चाळणीसाठीच जाणत्या निवडीचे एक माप सुचवले. त्यात तीन गोष्टी पाहतात: चाचणीविषयी पुरेशी माहिती आहे का, तिच्याविषयी तुमचे स्वतःचे मत काय आहे, आणि तुम्ही प्रत्यक्षात जे केले ते त्या मताशी जुळते का. मला हे माप आवडते ते यासाठी की त्यात होकार आणि नकार दोन्हींना सारखाच मान आहे. भरपूर माहिती घेऊन, विचारपूर्वक चाचणी नाकारणारी स्त्री या मापाने पूर्ण उत्तीर्ण होते; सगळ्या चाचण्या करणारी पण मनातून कुठलीच नको असलेली स्त्री उत्तीर्ण होत नाही.

आशावादी माणसांबद्दल थोडक्यातच सांगते. "आपल्याकडे असे काही होणार नाही" म्हणणारे पती चाचणीला विरोध करतीलच असे नाही. कित्येकदा ते सहज होकार देतात, कारण अहवाल चांगलाच येणार असे त्यांनी धरून ठेवलेले असते. अडचण अहवाल वेगळा आला की होते. म्हणून आशावादी माणसाला मी एकच विचारते: अहवाल वाईट आला तर त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही दोघे काय कराल, याविषयी एकदा तरी बोलला आहात का?

गर्भजल तपासणीविषयी तुम्ही विचारले आहे. इथे स्वभावाचा आणखी एक पैलू पुढे येतो, तो म्हणजे कृतीचा पश्चात्ताप. आपण काही केल्यामुळे झालेले नुकसान आपल्याला काही न केल्यामुळे झालेल्या तेवढ्याच नुकसानापेक्षा अधिक बोचते; लसीकरणाच्या संदर्भात इलाना रिटोव्ह आणि जोनाथन बॅरन यांनी १९९० मध्ये हे दाखवले होते. या तपासणीने गर्भपात होण्याचा धोका किती, याचा जुना आकडा शंभरात १ असा आहे आणि तो मुख्यतः डेन्मार्कमध्ये ४,६०६ स्त्रियांवर झालेल्या, १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीवरून आला. आताच्या सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली, अनुभवी हातांनी केलेल्या तपासणीत हा वाढीव धोका हजारात १ ते ३ च्या आसपास मानला जातो. काही स्त्रिया हजारात १ सुद्धा पत्करत नाहीत, कारण "माझ्या हाताने झाले" हे त्यांना जन्मभर सलेल. काहींना न कळताच बाळ जन्माला येण्याची कल्पना त्याहून असह्य वाटते. दोघींचे गणित बरोबर आहे, फक्त त्यांनी पारड्यात टाकलेली वजने वेगळी आहेत. एक गोष्ट इथे नोंदवण्यासारखी आहे. पस्तिशीनंतर गर्भजल तपासणी सुचवावी हा पूर्वीचा नियम, त्या वयाला गुणसूत्रांच्या दोषाची शक्यता तपासणीने होणाऱ्या गर्भपाताच्या धोक्याएवढी होते, या तुलनेवर उभा होता. त्यात गर्भपात आणि गुणसूत्रदोष असलेले बाळ यांचे वजन सारखेच, हे परस्पर धरून टाकलेले होते. ते कुणीही त्या स्त्रीला विचारलेले नव्हते. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये वयाचा अडसर काढून चाळणी आणि निदान हे दोन्ही पर्याय सर्वच गरोदर स्त्रियांपुढे ठेवावेत असे सांगितले, ते मला फार योग्य वाटते.

मग स्वभाव ओलांडून निर्णयाला भक्कम आधार कशाचा मिळतो? माझ्या अनुभवात तो एकाच प्रश्नाच्या उत्तरातून मिळतो: दोष आहे असे नक्की कळले, तर पुढे काय? काहींचे उत्तर असते, गरोदरपण थांबवू. काहींचे असते, बाळ आमचेच, पण तयारीला वेळ हवा. हे दुसरे उत्तर देणाऱ्यांना "मग चाचणी कशाला?" असे सर्रास ऐकवले जाते आणि ते चुकीचे आहे. डाउन सिंड्रोम असलेल्या ४० ते ५० टक्के बाळांच्या हृदयात दोष असतो. तो आधी कळला तर प्रसूती कुठे करायची, जन्मल्यावर बाळाला कोण पाहणार, हे ठरवता येते, आणि आईवडिलांना धक्का पचवायला बाळंतपणाआधीचे महिने मिळतात. ज्यांना बाळ कोणत्याही परिस्थितीत हवे आहे आणि गर्भपाताचा लहानसा धोकाही नको आहे, त्यांच्यासाठी एनआयपीटी आणि अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यातला बारकाईचा ॲनोमली स्कॅन एवढे पुरेसे असते. तिसरे उत्तर, "माहीत नाही", हेही प्रामाणिक उत्तर आहे आणि तेच सर्वांत जास्त वेळा मिळते. त्यावर थोडा विचार आत्ता करायचा, कारण अहवाल हातात असताना तो करणे फार जड जाते. गरोदरपण थांबवण्याविषयीचा कायदा आणि त्याची आठवड्यांची मर्यादा देशोदेशी वेगवेगळी आहे. तुम्ही राहता तिथे ती किती आहे, हे डॉक्टरांना आजच विचारा, कारण गर्भजल तपासणीपर्यंत थांबायचे की सीव्हीएस करायची, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

तुमचा प्रश्न होता, कसे ओळखावे. तुमच्याकडे एनटी स्कॅनची मुदत संपायला अजून दोन-तीन आठवडे आहेत. ते दवडू नका, पण त्यांचा उपयोग करा. एखाद्या शांत सकाळी, झोप पूर्ण झालेली असताना निर्णय लिहून काढा, कारणांसह. दोन दिवसांनी, नेमके अस्वस्थ वाटत असताना, तो पुन्हा वाचा. दोन्ही वेळी तो टिकला तर त्यात विचार आहे. अस्वस्थतेतच तो पटत असेल आणि शांतपणी अवाजवी वाटत असेल, तर तो चिंतेचा निर्णय आहे. त्याच कागदावर चार ओळी जोडा: "लो रिस्क" आले तर मी काय करीन, "हाय रिस्क" आले तर काय, अहवालच निघाला नाही तर काय (एनआयपीटीत रक्तातील वारेचा डीएनए कमी पडल्याने काही वेळा असे होते), आणि अहवालाचा अर्थ स्पष्ट नसेल तर काय. पतींनी हाच कागद वेगळा, तुमचा न पाहता भरावा. लिहिताना त्यांना चार ओळींहून अधिक नको वाटले तर आग्रह धरू नका. तुमच्या दोघांच्या कागदांत फरक पडेल. तो "हाय रिस्क"च्या ओळीत आहे की पहिल्याच ओळीत, हे बघितले की वाद कशाविषयी आहे ते कळते. एकमत झालेच पाहिजे असे नाही. सुई तुमच्या शरीराला टोचायची आहे, त्यामुळे शेवटची संमती तुमची. पण अहवालानंतरचे दिवस दोघांना मिळून काढायचे आहेत, म्हणून त्यांचे म्हणणे ऐकल्यानंतरची संमती.

अहवालाची वाट पाहण्याचा काळ तुमच्यासारखीला सर्वांत कठीण जातो. एनआयपीटीला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. गर्भजल तपासणीत प्रमुख गुणसूत्रांचा जलद अहवाल दोन-तीन दिवसांत येतो, पेशी वाढवून केलेल्या पूर्ण तपासणीला दोन आठवड्यांच्या आसपास. अहवाल कुणाला कळवायचा, फोनवर की समोर बसून, आणि कोणत्या वेळी, हे रक्त देतानाच ठरवा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ उघडून "हाय रिस्क" हे शब्द एकटीने वाचणे आणि पुढचे दोन दिवस कुणीही तज्ज्ञ उपलब्ध नसणे, हे टाळता येण्यासारखे आहे.

एक शंका मात्र बाजूला ठेवू नका. पूर्वी गर्भपात झालेला असेल, बाळासाठी दीर्घ उपचार घेतले असतील, किंवा घरात एखाद्या मुलाचे आजारपण जवळून पाहिले असेल, तर ज्याला तुम्ही स्वभाव म्हणता तो अनुभवही असू शकतो. तो समुपदेशकाला जरूर सांगा, कारण त्याने सल्लाच नव्हे तर कधी कधी धोक्याचे गणितही बदलते. आणि रात्र रात्र झोप न लागणे, दिवसातून अनेकदा तीच माहिती शोधणे, छातीत धडधडणे, जेवण न जाणे असे काही आठवडे चालू असेल, तर हे काळजीच्या स्वभावापलीकडचे दुखणे आहे. गरोदरपणातील चिंताविकारावर सुरक्षित उपचार आहेत, त्यांत बोलण्याच्या उपचारांना पहिली जागा आहे, आणि ते सुरू झाल्यावर घेतलेला चाचणीचा निर्णय बहुधा वेगळा नसला तरी हलका असतो.

तुम्ही सांगितलेल्या माहितीपुरते माझे मत असे. एनटी स्कॅन तर कराच, एनआयपीटी करणार असलात तरीही. त्यात गरोदरपणाचे नेमके आठवडे, गर्भांची संख्या आणि काही मोठे रचनादोषही दिसतात, जे रक्तातून कळत नाहीत. स्कॅन सरळ असेल तर तीन गुणसूत्रांपुरती एनआयपीटी ही तुमच्या वयाला आणि स्वभावालाही साजेशी चाळणी आहे. वाढीव पॅनेलला विचारपूर्वक नाही म्हणा. गर्भजल तपासणी आत्ताच ठरवून ठेवू नका. एनआयपीटी "हाय रिस्क" आली, एनटीची जाडी ३.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरली, किंवा पुढच्या स्कॅनमध्ये काही दिसले, तर तिची चर्चा नव्याने करू, आणि तेव्हा चार ओळींचे ते दोन्ही कागद सोबत आणा.